माया

‘हा पोशाख मी स्वतः तयार केला आहे.’

कॉस्प्ले स्पर्धेच्या ऑनलाइन फॉर्मवर या वाक्यापुढे एक चौकोन होता. टिक केल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. मी बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत बसलो.

पोशाख होता एत्झिओ ऑडिटोरेचा. २००९ साली आलेल्या ‘असॅसिन्स क्रीड २’ या गेमचा हा नायक, पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सचा. पांढरा अंगरखा, लाल कंबरपट्टा आणि हूड. त्या हूडला कपाळावर पक्ष्याच्या चोचीसारखं टोक. गेममध्ये एत्झिओ कितीही छपरांवरून उड्या मारो, ते टोक पडत नाही. कारण तिथलं कापड हे कापड नसतंच. त्रिकोणांची जाळी आणि तिच्यावर चढवलेलं चित्र. त्याला वजन नाही, शिवण नाही, बऱ्याचदा आतली बाजूसुद्धा नाही.

रविवार पेठेतून आणलेल्या माझ्या कापडाला मात्र हे सगळं होतं. चार महिने शनिवार-रविवार मी आत्याच्या पायमशीनवर बसलो. बाही उलटी जोडली, उसवली. मुंढा कमी कापला गेला, पुन्हा कापला. अंगरखा झाला. हूड काही होईना. टोक खाली लोंबायचं. आत बकरम घातलं तर पुठ्ठ्याची टोपी दिसायची. तिसऱ्यांदा बिघडलं तेव्हा आत्या म्हणाली, “आण इकडे.” तिने बकरम फक्त चोचीपुरतं ठेवलं, बाकीचं काढून टाकलं आणि टीप मारली. तिचा चहासुद्धा गार झाला नव्हता.

आता सांगा, पोशाख ‘मी स्वतः’ केला का?

आपली भाषा इथे फार मदत करत नाही. ताजमहाल शहाजहानने बांधला, असं आपण सहज म्हणतो. काका म्हणतात, “मी घर बांधलं.” त्यांनी एक वीटही उचललेली नसते. खरं तर मराठीत ‘शिवलं’ आणि ‘शिवून घेतलं’ असा स्पष्ट फरक आहे. पण ज्याचे पैसे, क्रियापद त्याचं. आत्याने आयुष्यभर गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले. लग्नाच्या अल्बममध्ये ते सगळे आहेत, आत्याचं नाव कुठेच नाही.

ऑफिसात मी रोज दुसऱ्यांचा कोड वापरतो. एमआयटी लायसन्स असलेला कोड फुकट घेता येतो, मात्र मूळ लेखकाची कॉपीराइट नोंद आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवावा लागतो. कधीही न भेटलेल्या माणसाची ती ओळ मी इमानाने जपतो. आत्याच्या टिपेसोबत लायसन्स आलं नव्हतं, म्हणून मी ती गिळायची?

एक वाट होती. हूड उसवायचं आणि वाकडंतिकडं का होईना, स्वतः शिवायचं. म्हणजे टिक खरी. मी कात्री घेतलीही. पण मग वाटलं, हा प्रामाणिकपणा कसला? कोणाचं काहीही न घेतलेला माणूस दिसण्याची ही हौस. आणि तसा माणूस एत्झिओही नाही. तो अंगावर चढवतो तो पोशाख त्याच्या वडिलांच्या पेटीत सापडलेला असतो. त्याचं मोडकं गुप्त पातं दुरुस्त करून देतो लिओनार्दो दा विंची.

स्पर्धेचा नियम चुकीचा नव्हता. विकत आणलेला झगमगाट रात्री जागून शिवणाऱ्यावर भारी पडू नये, म्हणून तो असतो. नियमाला हवं होतं ते खरं उत्तर, एकटेपणाचा पुरावा नव्हे. मी आयोजकांना मेल केला: हूडची शिवण आत्याची, बाकी माझी, चालेल का? उत्तर आलं: चालेल, हूडचे गुण मिळणार नाहीत.

आत्याला सांगितलं तर ती वैतागली. “माझं नाव कशाला घातलंस? गेले ना गुण!” थोड्या वेळाने तिनेच विचारलं, “काय लिहिलंस पण?” मी मेल वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. चष्मा लावून हूड मात्र पुन्हा एकदा तपासून पाहिलं.

मला बक्षीस मिळालं नाही. हूडचे गुण धरले असते तर मिळालं असतं का, याचा हिशोब मी अजूनही अधूनमधून करतो. तेवढा साधू मी नाही.

पोशाख आता कपाटात आहे. परवा हूड उलटं करून पाहिलं, तर आत शिवणीच्या कडेने चांगलं इंचभर कापड सोडलेलं. शिवणकामात त्याला माया म्हणतात. पुढेमागे कपडा सैल करायला ती उपयोगी पडते. माझ्या शिवणींना ती जेमतेम होती.

“आत्या, हूडला एवढी माया कशाला? डोकं थोडंच वाढणार आहे?”

“नाही वाढणार,” ती म्हणाली, “पण दुसऱ्या कुणाला घालायचं झालं तर?”