घरचा सर्व्हर : मालकी आणि राखण

स्वतःचे फोटो, कागदपत्रे, पासवर्ड आणि सिनेमे एखाद्या कंपनीच्या संगणकावर न ठेवता घरातल्याच यंत्रावर ठेवायचे आणि ते यंत्रही आपणच चालवायचे, याला हौशी मंडळी सेल्फ-होस्टिंग म्हणतात. सामग्री फारशी लागत नाही. अडगळीत पडलेला लॅपटॉप किंवा रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक, एक हार्डडिस्क आणि लिनक्स एवढ्यावर काम सुरू होते. फोटोंसाठी इमिच, फायलींसाठी नेक्स्टक्लाउड, सिनेमांसाठी जेलीफिन, पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डन ही सारी मुक्त सॉफ्टवेअरे फुकट मिळतात. खर्च असतो तो विजेचा. चोवीस तास चालणारे पाच वॅटचे यंत्र वर्षाला सुमारे ४४ युनिट वीज घेते, तर साठ वॅट खाणारा जुना डेस्कटॉप सव्वापाचशे. फुकटात मिळालेला संगणक दोन-तीन वर्षांत महाग पडतो तो असा.

या छंदाकडे लोक वळतात ते बहुधा दोन कारणांनी. पहिले, कंपन्यांच्या सेवांचा भरवसा नसतो. लाखो वाचकांची सवय झालेले गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले आणि गूगल फोटोजमधली अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून संपली. दुसरे कारण खासगीपणाचे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तरी रोजच्या व्यवहारात हा हक्क अटी-शर्तींखालच्या ‘मान्य आहे’ या बटणापाशीच थांबतो. माहिती घरात आली की प्रश्न मिटला, असे मग वाटू लागते.

तो मिटत नाही, कारण खासगीपणा आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवरचे फोटो चोरापासून चांगलेच सुरक्षित असतात. ते खासगी नसतात ते खुद्द कंपनीपुढे. घरच्या सर्व्हरचे नेमके उलट. तिथे डोकावणारी कंपनी नाही, पण रात्री जागणारा पहारेकरीही नाही. कंपनीत शेकडो पगारी माणसे जे काम करतात ते घरी एकट्याने, नोकरी सांभाळून, सुटीच्या दिवशी करायचे असते. मालकी एका दिवसात मिळते, राखण मात्र कायमची गळ्यात पडते.

आपल्या घरातल्या यंत्राकडे कोण कशाला पाहील, हा समज तर साफ चुकीचा. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप हे साधन तयार केले. चांगली जोडणी असेल तर इंटरनेटवरचा प्रत्येक आयपीव्ही४ पत्ता ते पाऊण तासाच्या आत तपासू शकते. हल्लेखोराला कोणाचे घर निवडावे लागत नाही. सगळ्यांचीच दारे वाजवून जे उघडे सापडेल त्यात तो शिरतो. २०१६ मधल्या मिराय या घातक प्रणालीने कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर काबीज केले ते कारखान्यातून आलेले साठेक नाव-पासवर्ड वापरून पाहून. त्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन कंपनीवर हल्ला केला, तेव्हा ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे काही तास अनेकांना दिसेनाशी झाली. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या घरगुती साठवण-पेट्या दुरूनच पुसल्या गेल्या. त्यांचे अपडेट २०१५ पासून थांबले होते, पेट्या मात्र तशाच इंटरनेटला जोडलेल्या होत्या.

यापेक्षाही बोलके उदाहरण लास्टपासचे. पासवर्ड सांभाळणाऱ्या या कंपनीतून २०२२ मध्ये ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. चोरांची वाट एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकातून गेली होती. त्यावरच्या सिनेमे पाहण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे बातम्यांनुसार प्लेक्समध्ये, जुना दोष शिल्लक होता. तो दुरुस्त करणारी आवृत्ती मे २०२० मध्येच आली होती. अपडेट करायचे राहून गेले होते.

भारतातल्या हौशी माणसापुढे पहिली अडचण मात्र चोराची नसते, दाराचीच असते. आयपीव्ही४ पद्धतीत जेमतेम ४३० कोटी पत्ते आहेत आणि ते केव्हाच अपुरे पडले. म्हणून सेवादार कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. या सीजीनॅट व्यवस्थेसाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून सुरू होणारी पत्त्यांची खास पट्टी राखून ठेवण्यात आली. राउटरवर असा पत्ता दिसला, की पोर्ट उघडण्याची सगळी खटपट वाया जाते. बाहेरून आलेली हाक घरापर्यंत पोहोचतच नाही. हौशी लोक याबद्दल कुरकुरतात, पण नवशिक्यासाठी ही व्यवस्था नकळत मिळालेली भिंत आहे. फक्त ती आयपीव्ही६ ला लागू नसते. तिथे घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळतो आणि सगळा भार राउटरच्या फायरवॉलवर येतो. ती आयपीव्ही६ साठीही चालू आहे का, हे पाहायचे अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

भिंत ओलांडायला लोक बोगदा वापरतात आणि इथे हेतूलाच मुरड पडते. क्लाउडफ्लेअरचा फुकट बोगदा सोयीचा आहे, पण त्यात कूटबद्ध जोडणी त्या कंपनीच्या सर्व्हरवर उघडली जाते आणि मग घराकडे पाठवली जाते. एका कंपनीला टाळण्यासाठी मांडलेल्या संसारात दुसरी कंपनी मध्यस्थ म्हणून येऊन बसते. वायरगार्डचा मार्ग त्यापेक्षा चांगला. मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत दाखल झालेली ही व्हीपीएन पद्धत योग्य किल्ली नसलेल्या हाकेला उत्तरच देत नाही, त्यामुळे चाचपणी करणाऱ्याला दार आहे हेही कळत नाही. सीजीनॅटमागे असताना भाड्याचा छोटा सर्व्हर मध्ये घ्यावा लागतो; पण कूटबद्धीकरण फोनपासून घरापर्यंत अखंड ठेवता येते आणि मधल्या यंत्राला फक्त बंद पाकिटे दिसतात. घरातल्या चार-पाच माणसांसाठी चालणाऱ्या सेवा उघड्या इंटरनेटवर मांडण्याचे खरे तर काही कारण नाही.

नाव आडवळणी ठेवले की कोणाला सापडणार नाही, हाही भ्रमच. सर्वमान्य संस्थेकडून प्रमाणपत्र घेतले, मग ते लेट्स एन्क्रिप्टचे फुकट का असेना, की ज्या नावासाठी ते घेतले ते नाव सार्वजनिक नोंदवहीत चढते. त्या नोंदवह्यांवर नजर ठेवून बसलेले प्रोग्रॅम मग लवकरच येऊन थडकतात.

बाकी राउटरची कामे कंटाळवाणी, पण थोडकी आहेत. मूळ पासवर्ड बदलणे, डब्ल्यूपीएस (बटण दाबून वायफाय जोडण्याची सोय) आणि यूपीएनपी (उपकरणांना आपणहून पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करणे, फर्मवेअर ताजे ठेवणे, आणि सीसीटीव्ही व स्मार्ट टीव्हीला गेस्ट नेटवर्कवर वेगळे बसवणे.

खासगीपणाची चर्चा बाहेरच्यांपाशीच संपते, हा या छंदाचा मोठा दोष. जाहिराती अडवण्यासाठी घरात पाय-होल बसवला की कोणत्या उपकरणाने कोणत्या क्षणी कोणते संकेतस्थळ मागितले याची नोंद तयार होते. बायकोने कोणत्या आजाराबद्दल शोधले, मुलगी रात्री दोन वाजता काय पाहत होती, भाडेकरू कुठे नोकरी शोधतो आहे, याचा अंदाज बांधायला ती पुरेशी असते. फोटोंच्या सर्व्हरवर तर चालवणाऱ्याला सहसा सगळ्यांचेच फोटो उघडता येतात. दूरच्या कंपनीला या माणसांशी देणेघेणे नव्हते, घरातल्या चालकाला मात्र असते. म्हणून त्याची नजर कंपनीच्या नजरेपेक्षा जास्त बोचू शकते. कायद्याचा आधारही इथे मिळत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागूच नाही. पाय-होलमध्ये नोंदी बंद ठेवण्याची सोय आहे. ती वापरावी की नाही हे बहुतेक घरांत एकटा चालकच ठरवतो, इतरांना तसा प्रश्न आहे हेही ठाऊक नसते.

कुठले काम घरी आणू नये याचीही समज लागते. ईमेल त्यात सर्वांत वर. बहुतेक घरगुती जोडण्यांवर ईमेलच्या देवाणघेवाणीचा पोर्ट २५ बंद असतो, आणि तो उघडला तरी घरच्या पत्त्यावरून आलेले पत्र मोठ्या सेवा संशयाने स्पॅममध्ये टाकतात. बँकेचा ओटीपी किंवा मुलाखतीचे बोलावणे येईल की नाही, अशी जोखीम घेण्यात शहाणपण नाही.

फोटोंचे तसे नाही, पण त्यांना बॅकअप हवाच. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी रेड व्यवस्था बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल ती दोन्हीकडून तत्परतेने पुसते. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा जुना नियम अजून पुरतो. पुण्यातल्या सर्व्हरची कूटबद्ध प्रत कोल्हापूरला बहिणीच्या घरी ठेवता येते. मात्र ती मधूनमधून परत उतरवून, फायली उघडून पाहावी लागते. लोडशेडिंगच्या गावात छोटा यूपीएस हवा, कारण लिहिता लिहिता वीज गेली तर रास्पबेरी पायमधले मेमरी कार्ड बिघडू शकते.

राहतो वारशाचा प्रश्न. चालवणारा माणूस आजारी पडला किंवा गेला, तर कूटबद्ध डिस्क त्याच्या कुटुंबालाही चोराइतकीच बंद असते. पासवर्ड कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे हा एक उपाय. पण किल्ली हाती येऊनही लिनक्सची डिस्क उघडायची कशी, हे घरच्यांना ठाऊक नसतेच. कुटुंबाचे फोटो चोराच्या हाती लागण्यापेक्षा कुटुंबालाच न मिळण्याची शक्यता बहुतेक घरांत जास्त असते. त्यामुळे फोटोंपुरती तरी एक प्रत कूटबद्ध न करता, कोणत्याही लॅपटॉपला जोडताच उघडेल अशा साध्या डिस्कवर, तारीखवार फोल्डरांत, कपाटात ठेवणे बरे.