चौकट नसेल त्या दिवशी

मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा एका लहानशा कोंबातून सुरू होतो. हा कोंब म्हणजे पॉलिप. त्यातल्या अ‍ॅडिनोमा प्रकाराचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. सावध व्हायला इतकी सवड देणारे कॅन्सर फार थोडे. कोलोनोस्कोपीत, म्हणजे कॅमेरा लावलेल्या नळीनं आतडं आतून पाहताना, तो दिसला, तर बहुधा तिथल्या तिथे तारेच्या फासानं कापून काढता येतो. फक्त तो दिसायला हवा.

आणि तो निसटतो. एकाच रुग्णाची लागोपाठ दोनदा तपासणी केलेल्या अभ्यासांत पहिल्या खेपेला जवळजवळ पाव हिस्सा अ‍ॅडिनोमा सुटल्याचं आढळलं. याला निष्काळजीपणा म्हणणं अन्यायाचं होईल. नळी आधी आतड्याच्या टोकापर्यंत न्यायची आणि खरी पाहणी ती मागे घेताना करायची, निदान सहा मिनिटं तरी. भिंत घड्याघड्यांची. चार-पाच मिलिमीटरचा चपटा कोंब भिंतीच्याच रंगाचा असतो, घडीच्या कडेला पडद्यावर क्षणभर येतो आणि सरकून जातो. त्यातून दिवसभराच्या तपासण्यांनी डोळे शिणलेले.

कृत्रिम बुद्धिमत्ता इथे मदतीला आली. पडद्यावर संशयित जागेभोवती हिरवी चौकट उमटते. बघायचं की सोडून द्यायचं, हे डॉक्टर ठरवतात. चीनमधल्या चेंगडूच्या डॉक्टरांनी २०१९ साली १,०५८ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. निदान एक अ‍ॅडिनोमा सापडलेल्या रुग्णांचं प्रमाण यंत्राविना २०.३ टक्के होतं, यंत्रासह २९.१ टक्के झालं. वाढ मुख्यतः अगदी बारीक कोंबांची होती, हा आक्षेप रास्त आहे. पण हे प्रमाण एका टक्क्यानं वाढलं की पुढे कॅन्सरचा धोका सुमारे तीन टक्क्यांनी घटतो, असं २०१४च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं. म्हणून मला या यंत्राचं मोल वाटतं.

तरीही मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते पोलंडनं. तिथल्या चार केंद्रांत २०२१च्या अखेरीस हे यंत्र आलं. त्यानंतर काही तपासण्या त्याच्यासह, काही त्याच्याविना होत राहिल्या. संशोधकांनी मोजल्या त्या यंत्राविना झालेल्या. यंत्र येण्याआधीच्या तीन महिन्यांत अ‍ॅडिनोमा सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्के होतं. नंतरच्या तीन महिन्यांत, यंत्र बंद असताना, २२.४ टक्के. डॉक्टर एकोणीस, आणि एकही नवशिका नव्हे. प्रत्येकानं दोन हजारांहून जास्त कोलोनोस्कोपी केलेल्या. २०२५मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास निरीक्षणाचा आहे, घसरणीला इतरही कारणं असू शकतात. पण दोन हजार तपासण्यांनी तयार झालेली नजर तीन महिन्यांत चौकटीची वाट पाहू लागत असेल, तर ज्यानं चौकटीविना आतडं कधी पाहिलंच नाही त्या विद्यार्थ्याचं काय होईल?

शिवाय यंत्राला दिसतं ते कॅमेऱ्यासमोर आलं तेवढंच. घडीमागे दडलेला कोंब दिसावा म्हणून घडी बाजूला करणं, साचलेलं पाणी ओढून घेणं, नळी घाईनं मागे न आणणं हे हातालाच करावं लागतं. तपासणीआधी आतडं साफ करणारं जुलाबाचं औषध रुग्णानं नीट घेतलं नसेल, तर चौकट तरी कशाभोवती उमटणार?

आपल्याकडची अडचण याही आधीची आहे. सरकारी कॅन्सर तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहेत, आतडं नाही. शौचातून रक्त पडलं की मूळव्याध समजून महिनोन्‌महिने घरगुती उपाय चालतात, आणि कोलोनोस्कोपीची वेळ येते तेव्हा अनेकदा कोंबाची गाठ झालेली असते. आपल्या लोकांत अ‍ॅडिनोमा पाश्चात्त्यांपेक्षा कमी सापडतात, त्यामुळे तिकडचा मापदंड जसाच्या तसा इथे लावता येत नाही. म्हणूनच हे यंत्र घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयानं पहिल्या दिवसापासून दोन नोंदी ठेवाव्यात, चौकटीसह किती सापडले आणि चौकटीविना किती. शिकाऊ डॉक्टरांच्या सुरुवातीच्या तपासण्या यंत्र बंद ठेवूनच व्हाव्यात. आणि यातली दुसरी नोंद, यंत्राविनाची, रुग्णानं मागितली तर ती त्याला दाखवावी.