डहाणूचं नाणं कोण पाडणार?

३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली आणि पालघरच्या किनाऱ्याला ‘चौथी मुंबई’ म्हणण्याची प्रथा राज्यकर्त्यांच्या भाषणांत रुळली. मागोमाग कल्पक वास्तुरचनाकारांची एक पिढी डहाणू-तलासरीचे नकाशे उघडून बसली आहे. त्यांतल्या एका अभ्यासू मित्राशी माझा वाद चालू आहे आणि तो चव्हाट्यावर आणायची वेळ झाली आहे असं मला वाटतं. त्याचं म्हणणं असं : सरकारी पैसा इथवर झिरपत नाही, बँका पाड्यांवरच्या माणसाला उभं करत नाहीत, म्हणून या परिसराचं स्वतःचं डिजिटल चलन काढावं. उद्याच्या वस्तीचं चित्र आज रेखाटायचं, त्या चित्रातल्या चौरस फुटांची टोकनं जगाला विकायची, आलेल्या पैशातून शाळा, दवाखाने, घरं बांधायची. टोकनाचा भाव चढेल तसतसा गावकऱ्याचा वाटाही फुगत जाईल.

मित्र लबाड नाही, आणि ज्या दैन्याकडे तो बोट दाखवतो ते खरं आहे. १६ एप्रिल २०१३ पासून चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत धावते, म्हणजे रेल्वेच्या लेखी डहाणू उपनगर झालं. पण शहराने या उपनगराला काय दिलं आणि इथून काय नेलं, याचा हिशेब मांडून पाहा. सूर्या नदीवरच्या धामणी धरणातून वसई-विरार आणि मिरा-भाईंदरसाठी रोज ४०३ दशलक्ष लिटर पाण्याची योजना होते, आणि त्याच खोऱ्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन चालतात. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, पण बागेत राबणाऱ्या वारल्याच्या नावावर बाग नसते. तलासरीचे तरुण पहाटे वापी-भिलाडच्या कारखान्यांकडे निघतात, आणि पावसाळा सरला की कुटुंबंच्या कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात.

मित्राला आपली कल्पना नवी वाटते, इथे आमचं पहिलं भांडण आहे. उद्याच्या भावावर आज शहर उभं करण्याचा प्रयोग महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वीच केला. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, आणि ९५ गावांची जमीन स्वस्तात घेऊन, विकसित करून, चढ्या भावाने विकून शहराचा खर्च भागवायचं ठरलं. चित्र सुंदर होतं. चढलेल्या भावात मूळ मालकाला वाटा मिळावा ही साधी गोष्ट मात्र त्या चित्रात नव्हती. त्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकऱ्यांना रस्त्यावर यावं लागलं. १९८४ च्या जानेवारीत उरण भागात गोळीबार झाला, पाच जणांनी प्राण गमावले, आणि मग साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व मान्य झालं.

टोकनाचंही तसंच. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने मुंबईत हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, आणला. एका जागी न झालेलं बांधकाम कागदावर उतरवायचं आणि दुसऱ्या जागी विकायचं. हवेतल्या जागेचं हे चलन तीस वर्षं खेळतं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर मुंबईतल्या बिल्डरांनी लागणाऱ्या टीडीआरपैकी पहिला ४० टक्के धारावी प्रकल्पातूनच घ्यावा, असा नियम काढून सरकारने या चलनाला हक्काचं गिऱ्हाईक मिळवून दिलं. धारावीतल्या भाडेकरूच्या हाती यातला एकही कागद येत नाही. मित्राचं टोकन म्हणजे हाच टीडीआर, फक्त मोबाइलवर आलेला आणि महापालिकेच्या हद्दीबाहेर पडलेला.

ते डहाणूत आणलं की काय होईल? डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीत आहेत. जमीन महसूल संहितेच्या ३६-अ कलमामुळे १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आपल्या संसाधनांवर बोलण्याचा अधिकार दिला. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून उद्योगांना ५०० एकरांची मर्यादा घातली. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणचं बंदर नाकारलं. त्याच प्राधिकरणाने, माणसं बदलल्यावर, ३१ जुलै २०२३ रोजी त्याला मान्यता दिली. कुंपणं अशीच एकेक करून खाली येताहेत. सातबाऱ्यावर वारल्याचं नाव तसंच ठेवून त्या जमिनीच्या भविष्यातल्या भाड्याचे तुकडे सिंगापूरच्या माणसाला विकता आले, तर ३६-अ कलम मोडायचीही गरज उरत नाही. कलम कागदावर शाबूत राहील आणि जमीन हातची जाईल.

मित्र यावर म्हणतो, ब्लॉकचेनच्या साखळीतल्या नोंदीत कोणालाही फेरफार करता येत नाही, म्हणून गरिबाला ती सुरक्षित. या वाक्याने मला खरोखर राग येतो. ज्या नोंदीत आपल्याला फेरफार करता येत नाही, अशी वही वारल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. लग्नासाठी सावकाराकडून शे-दोनशे रुपये घेतले, अंगठा उठवला, आणि नवरा-बायको जन्मभराचे लग्नगडी झाले. पावसाळ्यात खाल्लेली खावटी कापणीला वाढून परत गेली. सावकाराची वही खोटी होती म्हणून हे झालं नाही. पुष्कळदा ती तंतोतंत होती. पहिली ओळ कोण लिहितो, व्याज कोण ठरवतो आणि वही कोणाच्या घरात राहते, गुलामी यातून आली. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारली जमले, गोदावरी आणि शामराव परुळेकरांसोबत वेठ आणि लग्नगडी नाकारण्याचा ठराव झाला, तेव्हा वही उघडून बघण्याची भाषा कोणी केली नाही. वही मानायची नाही, असं ठरलं. त्या शरदात ५०० पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये मागितले म्हणून १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला आणि पाच जण गेले. अढळ नोंदीचं कौतुक सांगणाऱ्याने हा इतिहास आधी वाचावा.

टोकनावरच्या शहरांची परदेशातली गत थोडक्यात सांगतो. एल साल्वाडोरच्या अध्यक्षांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये ज्वालामुखीच्या पायथ्याशी बिटकॉइन सिटी जाहीर केली. ती उभी राहिलेली नाही. सेनेगलमधली एकॉन सिटी २०२५ मध्ये सोडून देण्यात आली. चित्रं मात्र दोन्हींची देखणी होती.

आता मित्राच्या सर्वांत वजनदार मुद्द्याकडे येतो, कारण तो बाबासाहेबांच्या नावाने मांडला जातो. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा आंबेडकरांचा ग्रंथ १९२३ सालचा. केन्सने पाठराखण केलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीवर त्यांनी त्यात हल्ला चढवला आणि रुपयाच्या निर्मितीला ठाम मर्यादा असावी, ती सरकारच्या मर्जीवर सोडू नये, असा आग्रह धरला. त्यावरून हल्ली सर्रास सांगितलं जातं की दोन कोटी दहा लाखांवर थांबणाऱ्या बिटकॉइनचं भाकीत बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वीच केलं.

हा दावा अर्धाच ग्रंथ वाचून केला जातो. मर्यादा हे आंबेडकरांचं साधन होतं. साध्य होतं रुपयाच्या क्रयशक्तीचं स्थैर्य. चलन मर्जीने वाढलं की किमती चढतात, मजुरी मागे राहते, आणि व्यापाऱ्याला निर्यातीत होणारा फायदा मजुराच्या ताटातून निघतो, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही विनिमय दराच्या वादात कोणता वर्ग जिंकतो आणि कोणता हरतो, हाच प्रश्न त्यांनी पुढे ठेवला. या कसोटीवर बिटकॉइन घासून पाहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये जवळपास ६९ हजार डॉलर आणि वर्षभरात १७ हजारांच्याही खाली. संख्या तीच, नियम तेच, मर्यादा अढळ. ज्या मजुराची आठवड्याची मजुरी शुक्रवारी मिळून सोमवारच्या बाजारात संपायची आहे, त्याला या मर्यादेचा काय उपयोग? आणि ज्या माणसाने १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेती राज्याच्या मालकीची करावी असं लिहिलं, त्याला जमिनीच्या टोकनांचा पुरस्कर्ता ठरवणं म्हणजे त्याच्या विचाराचा अपमान आहे.

तरीही आंबेडकर नीट वाचले की माझाही सरसकट विरोध टिकत नाही. चलन काढणारा जबाबदार असावा, त्याच्यावर बंधन असावं, आणि चलनामागे काय ठेवलं आहे ते दिसावं, हे त्यांचे प्रश्न चलन लहान असलं तरी विचारता येतात. ब्राझीलमध्ये फोर्तालेझा शहराच्या कडेला कोंजुंतो पाल्मेइरा नावाची वस्ती आहे. किनाऱ्यावरून हुसकावलेल्या लोकांची ती वस्ती. गटारं आणि रस्ते त्यांनी स्वतः झगडून मिळवले. मग लक्षात आलं की वस्तीत येणारा पैसा वस्तीबाहेरच्या दुकानांत खर्च होऊन निघून जातो. १९९८ मध्ये त्यांनी बँको पाल्मास ही बँक काढली आणि पुढे ‘पाल्मा’ हे चलन, जे वस्तीतच चालतं आणि ज्याच्यामागे तितकाच राष्ट्रीय पैसा ठेवलेला असतो. मध्यवर्ती बँकेने आधी आक्षेप घेतला, नंतर जुळवून घेतलं. रिओजवळच्या मारिका नगरपालिकेने २०१३ पासून ‘मुंबुका’ हे डिजिटल चलन चालवलं आहे. समुद्रातल्या तेलाची रॉयल्टी तिजोरीत येते आणि गरीब कुटुंबांना गावातच खर्चता येणाऱ्या मुंबुकांत मिळते. या दोन्ही ठिकाणी भाव चढण्याची आशा कोणाला विकलेली नाही.

हे वाचल्यापासून माझी भूमिका सरकली आहे. बंदराला माझा विरोध कायम आहे; १,४४८ हेक्टर समुद्र भरल्यावर मासेमारीचं आणि किनाऱ्याचं काय होणार, याचं पटणारं उत्तर मला मिळालेलं नाही. पण ७६,२२० कोटींचं बंदर लादलंच जाणार असेल, तर त्याच्या उत्पन्नाचा हिस्सा ग्रामसभांच्या कोषात जावा, ही मागणी आता उघडपणे करायला हवी. २०१५ पासून पेसाचा पाच टक्के थेट निधी ग्रामपंचायतींना मिळतो, म्हणजे कोष ही कल्पना इथे परकी नाही. ग्रामसभेला नोट काढता येणार नाही, तो अधिकार कायद्याने रिझर्व्ह बँकेचा आहे. पण ठरलेल्या कामापुरती चालणारी ई-रुपी व्हाउचरं २ ऑगस्ट २०२१ पासून देशात आहेत आणि किरकोळ व्यवहारांसाठी डिजिटल रुपयाची चाचणी १ डिसेंबर २०२२ ला सुरू झाली. तलासरी आणि कासाच्या आठवडे बाजारातच चालतील, दुकानदाराला बँकेत रुपयाला रुपया बदलून मिळतील, आणि ज्यांचा सट्टा करता येणार नाही, अशी व्हाउचरं काढणं तंत्राने अवघड नाही.

अवघड काय ते धसईला विचारावं. मुरबाड तालुक्यातलं हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झालं. दुकानांत यंत्रं आली, मंत्री आले, आणि अल्पावधीतच रोख परतली. सगळं वरून आलं होतं. धसईच्या बाजारात उतरणाऱ्या पाड्यांवरच्या बाईला कोणी काही विचारलं नव्हतं. म्हणून माझी एक अट आहे, आणि मित्राला ती जाचक वाटते : हिशेबाची वही ग्रामसभेच्या भर बैठकीत, वारली बोलीत, मोठ्याने वाचली जावी, आणि चुकीची नोंद खोडण्याचा अधिकार त्या बैठकीला असावा. अढळपणा मला नको आहे. सावडीत आज मी तुझ्या शेतावर आणि उद्या तू माझ्या, हे देणंघेणं चारचौघांत बोललं जातं, आजारी माणसाचा दिवस माफ होतो. यंत्राला तो दिवस माफ करायला कोण शिकवणार, हे आधी ठरवा.

मग रचनाकाराला काय काम उरतं, असं मित्र विचारतो. भरपूर उरतं. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि आसपासची जमीन हादरते आहे. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला, विटांच्या भिंतींना तडे गेले आणि माणसं थंडीत तंबूंत झोपली. कारवीच्या कुडाची, शेणमातीने लिंपलेली भिंत हलते पण एकदम कोसळत नाही. ती पक्कीही कशी करायची, पत्र्याचं छप्पर तिच्यावर कसं तोलायचं, मेढींचे सांधे कसे बांधायचे, हे प्रश्न पाड्यांवर बसून सोडवावे लागतील. त्या दुरुस्तीची मजुरी पहिल्या व्हाउचरांतून द्यावी. कोणत्या घरापासून सुरुवात करायची, ते धुंदलवाडीची ग्रामसभा सांगेल.