दोषाचे अधिष्ठान

श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीस अर्जुनाने श्रीकृष्ण चक्रवर्तींना एक मार्मिक प्रश्न विचारला आहे. मनुष्याची इच्छा नसतानाही, कोणी बळेच जुंपावे तसा तो पापाकडे कोणाच्या प्रेरणेने ओढला जातो, असा त्या प्रश्नाचा आशय आहे. ओढणारा कोणी बाहेरचा असावा, हे गृहीत त्या प्रश्नातच दडलेले आहे. श्रीकृष्ण चक्रवर्तींनी मात्र बाहेर कोठेही बोट दाखविले नाही. रजोगुणापासून उद्भवणारे काम आणि क्रोध हेच वैरी होत, आणि इंद्रिये, मन व बुद्धी ही त्यांची वसतिस्थाने होत, असे त्यांनी पुढे स्पष्ट केले. तात्पर्य, वैरी घरातच नांदतो आहे.

हे उत्तर ऐकावयास सोपे, परंतु स्वीकारावयास फार कठीण आहे. म्हणूनच जगातील अनेक समाजांनी दोषाला घराबाहेर घालविण्याचे मार्ग शोधले. प्राचीन यहुदी लोकांच्या धर्मग्रंथात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी सांगितला आहे. मुख्य पुरोहित एका जिवंत बोकडाच्या मस्तकावर हात ठेवून सर्व लोकांच्या पापांचा उच्चार करी आणि मग त्या बोकडास अरण्यात सोडून देत. त्या दिवशी लोकांनी स्वतःही उपवास व अनुताप करावा अशी आज्ञा होती, हे विसरता कामा नये. ग्रीक देशातील अथेन्स नगरात तर थार्गेलिया नावाच्या उत्सवात नगराच्या शुद्धीसाठी माणसेच बाहेर हाकलली जात. बोकडाच्या जागी माणूस आला, म्हणजे दोष बाहेर घालविण्याची रीत किती क्रूर होऊ शकते, हे दिसून येते.

विचारवंतांचीही याच प्रश्नावर दीर्घकाळ झटापट झाली. तिसऱ्या शतकात इराणी साम्राज्यात मानी नावाचा धर्मसंस्थापक होऊन गेला. प्रकाश आणि अंधार ही दोन अनादि तत्त्वे असून जगातील सर्व वाईट अंधाराचे आहे, असे त्याचे मत होते. उत्तर आफ्रिकेत इ. स. ३५४ मध्ये जन्मलेले ख्रिस्ती आचार्य ऑगस्टीन तरुणपणी सुमारे नऊ वर्षे या मताचे अनुयायी होते. पाप करणारा आपण नसून आपल्यातील दुसरेच काही तत्त्व आहे, हे समाधान त्यांना तेव्हा गोड वाटले. पुढे त्यांनी ते मत टाकले. वाईट ही स्वतंत्र वस्तू नव्हे. शरीरातील आरोग्य हरपणे म्हणजे जसा रोग, तसे चांगल्याचे हरपणे म्हणजे वाईट, असा निर्णय त्यांनी केला. आपल्या आत्मकथनात त्यांनी सोळाव्या वर्षी केलेली नासपतींची चोरी सांगितली आहे. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती, चोरलेली बहुतेक फळे डुकरांपुढे टाकली. केवळ निषिद्ध कर्माची गोडी आणि सोबत्यांची संगत एवढेच कारण होते. एवढ्या क्षुल्लक चोरीची इतकी बारकाईने झडती घेणे यातच त्या पुरुषाचा थोरपणा आहे.

सॉक्रेटिसाच्या मते जाणूनबुजून कोणी वाईट करीत नाही. अज्ञान हेच दोषाचे मूळ. ॲरिस्टॉटलने त्यावर आक्षेप घेतला, की हित कळत असूनही मनुष्य मोहाला वश होतो, हे नित्य अनुभवास येते. दोघांच्या मतांत अंतर असले, तरी दोघांनीही दोषाचा शोध कर्त्याच्या अंतरंगातच घेतला आहे.

येथे शंका अशी, की गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी आणि आसुरी असे भूतांचे दोन प्रकार सांगितले आहेत. मग काही माणसे जन्मतःच दुष्ट असतात, असे मानावयास काय हरकत आहे? समाधान असे. त्याच अध्यायात पुढे काम, क्रोध आणि लोभ ही नरकाची तीन द्वारे सांगून, त्यांतून सुटलेला मनुष्य आपले कल्याण साधतो आणि परमगतीस जातो, असे म्हटले आहे. आसुरी संपत्ती अटळ असती, तर या उपदेशाला अर्थच उरला नसता. नवव्या अध्यायात तर अत्यंत दुराचारी मनुष्यही अनन्यभावाने भजू लागला तर त्यास साधूच मानावे, अशी आज्ञा आहे. ब्रह्मविद्याशास्त्रही जीवाला बद्धमुक्त म्हणते. तो अविद्येने बांधला गेला आहे, परंतु मुक्तीस योग्य आहे.

हा निर्णय सोडला म्हणजे काय घडते, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो देशभर लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटा अशा अनेक जमाती त्याच्या कक्षेत आल्या. चोरी कोणी केली हे पाहण्यापूर्वी जन्म कोणत्या घरी झाला हे पाहिले गेले. माणसांची नोंद, हजेरी, परवान्यावाचून गाव सोडण्यास बंदी, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहत, असे ते जिणे होते. १९५२ साली तो कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणविल्या गेल्या. तथापि त्यांना जन्मतः गुन्हेगार मानणारी भाषा तुरुंगांच्या नियमांत राहूनच गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने असे नियम २०२४ साली घटनाबाह्य ठरविले. कायद्यातून गेलेला कलंक लोकांच्या मनातून गेला आहे काय? गावात चोरी झाली, की पहिली नजर आजही पालाकडेच वळते.

पंथीयांना ही व्यथा परकी नाही. ‘मानभाव’ या नावावरून निघालेला ‘मानभावी’ हा शब्द मराठीत ‘ढोंगी’ या अर्थाने रूढ झाला, आणि ज्यांनी कधी कोणाशी दंभ केला नाही अशा साधूंनाही तो ऐकावा लागला. ज्याने ही झळ सोसली, त्याच्या मुखातून एखाद्या जातीचे नाव शिवीसारखे बाहेर पडावे, हे त्यास शोभत नाही.

लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वांच्या परिचयाची आहे. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे जीव घेऊन पळणारा ससा सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या मांडीखाली शिरला. मागून पारध करणारे आले आणि ससा मागू लागले. स्वामींनी ससा दिला नाही. हिंसेला तिळमात्र वाव दिला नाही. पण पारध्यांनाही दुष्ट म्हणून झिडकारले नाही. त्यांच्याशी बोलून, शरण आलेल्या जिवाला मरण नसावे हे त्यांना उमगू दिले. कर्माचा निषेध आणि कर्त्याविषयी करुणा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा सांभाळाव्यात, याचा हा वस्तुपाठ होय.

आणखी एक शंका राहते. दोष जन्माचा नाही असे म्हटले, तर दोषी मनुष्य मोकळा सुटणार नाही काय? मुळीच नाही. दोष जन्माचा असता, तरच कर्ता निर्दोष ठरला असता. तो ज्याच्या त्याच्या आचरणाचा आहे, म्हणूनच चोरी ही चोरी, हिंसा ही हिंसा, आणि तिचा जाब ज्याचा त्याने द्यावयाचा आहे.

वासनिकाने सप्त व्यसनांचा त्याग केला, ही उत्तम गोष्ट आहे. परंतु मद्याला न शिवणारा मनुष्य मद्यप्याचा तिरस्कार करण्यात रमू लागला, की क्रोध आणि अभिमान ही दोन व्यसने मागल्या दाराने घरात शिरतात. अनुसरलेल्या साधकाला तर हा धोका अधिकच, कारण त्याची निंदा लोक उपदेश समजून ऐकतात. यास्तव दिवस मावळताना गावाचे दोष मोजण्यापेक्षा त्या दिवशी आपल्या इंद्रियांत, मनात आणि बुद्धीत कोणता वैरी वस्तीस होता, याची झडती घ्यावी. सापडला तर अनुताप करावा, प्रायश्चित्त घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सावध राहावे. दोषाचे अधिष्ठान ज्याला स्वतःत दिसले, त्यालाच परमेश्वराच्या कृपेची खरी आर्त लागते.