अर्ध्या सेकंदापाशी

स्टुलावर बसा. पाठ सैल. दोन्ही हात टेबलावर.

समोर ८०८५चं किट आहे. लाल आकड्यांची पट्टी उजळली आहे. चार आकडे पत्त्याचे, दोन आत भरलेल्या मजकुराचे. पोर्टाच्या वायरीला एक एलईडी लावला आहे. तो अजून विझलेला आहे.

सकाळच्या एसटीनं कुहीहून आलात. चाळीसेक किलोमीटर. खिडकीतली धानाची बांधी अजून डोळ्यांत आहे. असू द्या तिला तिथेच.

नागपूर विद्यापीठ १९२३ सालचं. त्याच्या कॉलेजांतल्या अशा टेबलांवर कितीजण बसून गेले. आज तुम्ही बसला आहात.

श्वास घ्या. सोडा.

आता काळ्या चिपकडे बघा. इंटेलनं ती १९७६ साली आणली. चाळीस पाय. पाच व्होल्ट. एका टोकाला अर्धगोल खाच आहे. पाय मोजायला तिथून सुरुवात करायची. मोजा सावकाश, नुसत्या नजरेनं.

चिपजवळ पत्र्याची चपटी डबी दिसते. तो क्रिस्टल, सहा मेगाहर्ट्झचा. चिप आतल्या आत त्याचं निम्मं करते. सेकंदाला तीस लाख ठोके.

ऐकू येणार नाहीत. तरी कान द्या.

आता बटणं. ११ दाबा. मग एफएफ. पुन्हा एफएफ.

थांबा.

डी आणि ई, शेजारशेजारचे दोन रजिस्टर. प्रोग्रॅम चालला की त्यांत मिळून ६५,५३५ ही संख्या येईल. एवढ्याशा जागेत मावणारी सगळ्यात मोठी.

पुढे १बी भरा. संख्या एकानं कमी कर, एवढंच ही सूचना सांगते.

इथे जरा जास्त वेळ राहू या. प्रॅक्टिकलच्या वहीत ही ओळ पटकन उतरवली जाते आणि तिच्यातलं खरं राहून जातं.

१बी संख्या कमी करते, पण शून्य आलं की नाही, हे कुणाला सांगत नाही. झेंडा हलवत नाही. जोडी रिकामी झाली तरी खूण उमटत नाही.

म्हणून दर फेरीला आपणच बघायचं. ७बी: ई मधलं उचल. बी२: डी मधलं त्यात मिसळ. आता कळतं, काही उरलं आहे का. उरलं असेल तर सी२, आणि मागे.

कमी कर. बघ. मागे जा.

कमी कर. बघ. मागे जा.

एका फेरीला चोवीस ठोके. सगळ्या फेऱ्या मिळून सुमारे अर्धा सेकंद. या अर्ध्या सेकंदात चिप दुसरं काहीच करत नाही. ती थांबते, आणि थांबण्यासाठी तिला ६५,५३५ वेळा बघावं लागतं.

नवे बोर्ड ‘थांब’ ही आज्ञा एका ओळीत घेतात. ते सोयीचं आहे. पण थांबणं आतून कसं असतं, हे मला या किटवरच दिसतं, आणि म्हणून ते कपाटात जाऊ नये असं मनापासून वाटतं.

बाकीचे ओपकोड भरा. आता ‘गो’.

एलईडी लागतो. विझतो. लागतो.

कुही तालुक्यातल्या अंभोऱ्याला वैनगंगा आणि कन्हान भेटतात. तिथे काठावर बसून पाण्याकडे बघता, तसं बघा. काही शोधू नका.

लागतो. विझतो.

श्वास आत घ्या, चार सेकंद. एवढ्यात एलईडी आठदा बदलला. आत सुमारे पाच लाख फेऱ्या झाल्या. दर फेरीला एकदा बघणं झालं.

श्वास सोडा.

डोळे मिटा. पापणीआड लाल ठिपका आहे. तो विरू द्या. मग विचारा हळूच: मी थांबतो, तेव्हा माझ्या आत काय मोजलं जातं?

उत्तराची घाई नाही.

डोळे उघडा. रिसेट दाबा. ११ नंतर भरलेल्या दोन एफएफपैकी दुसऱ्यावर या. तिथे ७एफ भरा. जोडीत आता ३२,७६७ जातील. निम्मे.

‘गो’ दाबण्याआधी मनातच अंदाज घ्या, आता एलईडी किती वेळ लागलेला राहील. मग दाबा.