विष आणि म्हशी

ल्युक्रेझिया बोर्जियावरची कादंबरी म्हटली की विष आलंच. पोकळ अंगठी, दारूचा पेला, भर मेजवानीत कोसळणारा पाहुणा. तिने कुणाला विष घातल्याचा पुरावा नाही. पण व्हिक्टर ह्यूगोने १८३३ मध्ये नाटक लिहिलं आणि तिचं विष तिच्याच मुलाच्या पोटात घातलं. त्याच वर्षी डोनिझेत्तीने त्यावर ऑपेरा रचला. तेव्हापासून अंगठी काही बोटातून निघालेली नाही. मीही अशा कादंबऱ्या चवीने वाचतो, तेव्हा सोवळेपणा नको.

मात्र तिच्या बदनामीचा मूळ लेखक ह्यूगो नव्हे. तो मान तिच्या पहिल्या नवऱ्याचा. तिचा बाप रोद्रिगो १४९२ मध्ये सहावा अलेक्झांडर म्हणून पोप झाला. मिलानच्या स्फोर्झांशी सलोखा हवा म्हणून पुढच्याच वर्षी तेरा वर्षांची लेक त्याने जोव्हान्नी स्फोर्झाला दिली. चार वर्षांत गरज संपली. मग नवरा नपुंसक असल्याचं ठरवून लग्न रद्दबातल केलं, त्याच्याकडून तसं लिहूनही घेतलं. वास्तविक त्याची आधीची बायको बाळंतपणात गेलेली! चारचौघांत असं नाक कापलं गेल्यावर तो म्हणाला, पोपला मुलगी स्वतःसाठीच हवी आहे. स्पेनहून आलेल्या या उपऱ्या बोर्जिया घराण्यावर दात धरून बसलेल्यांना आणखी काय हवं होतं? १५०३ मध्ये अलेक्झांडर वारला आणि त्याचा हाडवैरी त्याच वर्षी दुसरा ज्यूलियस म्हणून गादीवर आला. आता वावड्या खोडून काढायलाही कुणी उरलं नाही.

म्हणजे कादंबरीकार ज्याला कल्पनाविलास समजतो, तो बऱ्याचदा जिंकलेल्या पक्षाचा प्रचार असतो. कल्पनेला खरी जागा दस्तऐवज गप्प होतात तिथे. १४९७ च्या जूनमध्ये तिचा भाऊ हुआन मारला गेला, प्रेत टायबर नदीत सापडलं. रात्री प्रेत फेकताना पाहिलेल्या लाकडाच्या व्यापाऱ्याला विचारलं, कळवलं का नाहीस? तो म्हणाला, इथे शंभरेक प्रेतं फेकलेली पाहिली, कुणी कधी चौकशी केली नाही. मारेकरी आजही अज्ञात आहे. इथे खुशाल लिहा.

उलट जिथे दस्तऐवज भरभरून बोलतात, तिथे कादंबऱ्या घाईत असतात. १५०२ मध्ये तिसऱ्या लग्नाने ती फेरारात आली आणि मरेपर्यंत, सतरा वर्षं, तिथेच राहिली. वास्तुइतिहासकार डायेन घिरार्डो यांनी तिचे जमाखर्च धुंडाळले. त्यांत दिसते ती दलदलीच्या जमिनी ताब्यात घेणारी, पाण्याचा निचरा करून त्या पिकाखाली आणणारी, म्हशी पाळणारी, त्यासाठी जडजवाहीर मोडायलाही न कचरणारी बाई. यात नाट्य नाही म्हणता? नवरा अल्फोन्सो तोफा ओतण्याच्या नादातला, पुष्कळदा रणावर. मागे कारभार हिच्याकडे. आणि फेरारावर चालून आलेला पोप कोण, तर तोच ज्यूलियस, बापाचा वैरी. कारस्थान हवं असेल तर हे घ्या. फक्त विषाचं काम एका संध्याकाळी उरकतं. चिखलातून शेत उभं राहायला कित्येक हिवाळे जावे लागतात, आणि तेवढा दम कादंबरीकाराला क्वचितच असतो.

१५१९ च्या जूनमध्ये, बाळंतपणानंतर, एकोणचाळिसाव्या वर्षी ती गेली. मिलानच्या अंब्रोझियाना ग्रंथालयात तिच्या सोनेरी केसांची एक बट जपून ठेवली आहे. १८१६ मध्ये कवी बायरनने त्यातला एक केस लांबवला होता. मोदेनाच्या दफ्तरखान्यातल्या तिच्या हिशेबवह्यांचं पान कुणी लांबवल्याचं ऐकिवात नाही.