पाण्याखालचा पाया

लंडनच्या डॉलिस हिल भागातील महाराष्ट्र मंडळाच्या वास्तूत, कार्यक्रम आटोपून खुर्च्या एकावर एक रचल्या जात असताना, चहाचे पेले हाती घेऊन जे दोघे कोपऱ्यात वाद घालीत बसले होते, त्यांपैकी एक म्हणजे एका पेढीच्या संगणकखात्यात तीस वर्षे कोबोल लिहून निवृत्त झालेले काका, आणि दुसरी त्यांची पुतणी, जिच्यावर तशाच एका जुनाट प्रणालीच्या जागी नवी उभारण्याची कामगिरी नुकतीच सोपविली गेली होती. मी केवळ श्रोता होतो. परंतु मध्येच तोंड घालण्याची श्रोत्याची खोड मलाही आहे.

"काका, तुमच्या प्रणालीला मोडी दप्तराची कळा आली आहे," ती म्हणाली. "अक्षर शाबूत, पण वाचणारे उरले नाहीत. एखाद्या शनिवार-रविवारी जुने बंद करावे आणि सोमवारी नवे सुरू करावे, यात वावगे काय?"

"ते टीएसबी बँकेच्या दप्तरात पाहा," काका म्हणाले. "लॉइड्सच्या भाड्याच्या प्रणालीवर चाललेला तिचा कारभार एप्रिल २०१८मध्ये मुख्यतः एकाच झटक्यात तिची मालक असलेल्या साबादेल बँकेच्या नव्या प्रणालीवर नेला गेला. सुमारे ५२ लाख खातेदार! आणि गंमत अशी, की माहिती सुखरूप पोचली होती; कोसळला तो तिला पेलणारा नवा डोलारा. नंतरच्या चौकशीत निघाले, की दोन माहिती-केंद्रांपैकी भाराची परीक्षा एकाचीच झाली होती. मुख्याधिकारी त्याच सप्टेंबरात पायउतार झाले, आणि २०२२च्या डिसेंबरात ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड झाला."

"म्हणजे सावकाश जावे, एवढेच ना?"

"सावकाश नव्हे, मुक्काम करीत जावे. मार्टिन फाउलर या ब्रिटिश लेखकाने दुसऱ्या वृक्षाला वेढून वाढणाऱ्या वडाच्या जातीवरून या रीतीला नाव दिले आहे. आपल्याकडे ताडावर रुजलेला वड तू पाहिला आहेसच. जुन्या वाड्याच्या देवडीवर एक कारकून बसवायचा. येणारा प्रत्येक अर्ज त्याच्या हातून जाईल. आज पत्ताबदलाचे अर्ज तेवढे नव्या कचेरीकडे, व्याजाचा हिशेब पूर्ववत जुन्याकडे. काही काळ दोन्हीकडे एकच हिशेब करवून ताळा पाहायचा, आणि मेळ बसेनासा झाला, की कारकुनाला सांगून अर्ज पुन्हा जुन्या वाटेने वळवायचे."

पुतणीने पेला खाली ठेवला. "ताळा म्हणता, तो कशाशी? जुन्या हिशेबाशीच ना? मग जुनाच चुकत असेल तर? सरकारी निवृत्तिवेतनाचे प्रकरण घ्या. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०२१ साली सांगितले, की सुमारे १ लाख ३४ हजार वृद्धांना, आणि त्यांत बहुतांश स्त्रियांना, मिळून १ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम कमी दिली गेली. कारण नियम गुंतागुंतीचे, यंत्रणा जुनाट, आणि पुष्कळसे काम कारकुनांच्या नजरेवर सोपविलेले. त्यांतल्या काही चुका १९८५पासूनच्या. टीएसबीचा गोंधळ दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आला. या बायकांचे नुकसान मात्र दरमहा, निमूटपणे होत राहिले. तुमच्या रीतीने मी त्या हिशेबाची इमानेइतबारे नक्कल करीन, आणि ताळा जुळला म्हणून समाधानाने सही करीन!"

काकांना हे लागले असावे. खरे सांगायचे तर मलाही लागले, कारण तोवर माझा कल सर्वस्वी त्यांच्याकडे होता. सावधगिरीचा आपल्याला स्वभावतःच मोह पडतो, आणि तिची किंमत बहुधा दुसराच कोणी चुकवीत असतो, हे त्या मोहात ध्यानी येत नाही.

"तुझे म्हणणे खरे आहे," ते काही वेळाने म्हणाले. "आणि आमच्याच खात्याची एक गोष्ट कबूल करतो. जुन्या-नव्याला जोडणारा एक तात्पुरता पूल आम्ही सोळा महिन्यांसाठी बांधला होता. मी निवृत्त झालो त्या दिवशीही त्यावरून रहदारी चालूच होती. थोडे थोडे करण्यात हाच धोका असतो: वड वाढतो, पण ताड पाडण्याचा हुकूम कोणी काढत नाही."

"मग सावकाशीचा हट्ट का?" मी विचारले.

"कारण तफावत निघाली, की थांबून विचारायला अवकाश मिळतो. १९९९पासून इथल्या टपालखात्याच्या शाखांत होरायझन ही संगणकप्रणाली आली, कागदी हिशेब गेले, आणि रोकड जुळेना तेव्हा यंत्राचा शब्द प्रमाण ठरला. त्या यंत्राच्या आकड्यांवर विसंबून ९००हून अधिक उपपोस्टमास्तर दोषी ठरविले गेले. तफावत ही पुष्कळदा एखाद्या माणसाची तक्रार असते. मात्र हिच्या त्या वृद्धा आमच्या ताळ्यात दिसल्या नसत्या, हेही खरे. त्यांच्या घरी जाऊनच विचारावे लागले असते."

"आणि तोवर वाडा उभाच ठेवायचा," ती म्हणाली. तिच्या स्वरात उपहास होता की संमती, हे मला नीट कळले नाही.

"विंचेस्टरचे कॅथीड्रल ठेवले ना! दलदलीत खचत होते. पाया खणावा तर खड्ड्यात पाणी भरे, आणि पाणी उपसावे तर इमारतच ढासळण्याची भीती. तेव्हा विल्यम वॉकर नावाच्या पाणबुड्याने १९०६पासून १९११पर्यंत त्या गढूळ, काळोख्या पाण्यात उतरून, निव्वळ हाताच्या स्पर्शाने, एकेका खड्ड्याचा तळ साफ करून काँक्रीटच्या पिशव्या रचल्या. तळ बंद झाल्यावर पाणी उपसून गवंड्यांनी वरचे बांधकाम केले. डोक्यावर अख्खे कॅथीड्रल तोलून धरलेले!"

"त्याचा पुतळा आहे तिथे," मी म्हणालो.

"आता आहे. १९६४ साली बसविला तेव्हा शिल्पकाराने छायाचित्रातला चेहरा चुकीचा उचलला, आणि वॉकरच्या नावाखाली फ्रान्सिस फॉक्स या अभियंत्याची मूर्ती उभी राहिली. खऱ्या वॉकरची मूर्ती आली ती २००१मध्ये."

"सदतीस वर्षे!" पुतणी हसली, आणि पिशवीतून वही काढून तिने काहीतरी टिपून घेतले. "आणि तोवर सगळे त्याच नोंदीशी ताळा पाहत होते?"